आवाज वाढला, पिकअप कुठाय?

बाराशे सीसीची, टर्बो नसलेली छोटी गाडी घ्यायची आणि महिन्याभरात तिला फ्री-फ्लो सायलेन्सर ठोकायचा, हा प्रकार आता पुरे झाला. त्या आवाजानं रात्री अकरा वाजता गल्लीतली तान्ही पोरं दचकून उठतात. इंजिनाची ताकद मात्र जवळपास होती तेवढीच राहते.

टर्बो नसलेलं इंजिन स्वतःच्या दमावर हवा ओढतं. वातावरणाचा दाब जेवढी हवा आत ढकलेल तेवढीच सिलिंडरमध्ये जाणार, आणि तेवढ्याच हवेत मावेल इतकं पेट्रोल जळणार. टर्बोच्या गाडीत इंजिनाचा कॉम्प्युटर रीमॅप करून दाब वाढवता येतो, म्हणून तिथे फरक जाणवतो. इथे वाढवायला दाबच नाही. टायमिंग आणि मिश्रण नीट केलं तर हाती लागतात चार-पाच हॉर्सपॉवर. तरी ‘स्टेज वन’ ट्यूनिंगच्या नावाखाली पोरांचा अख्खा पगार उकळला जातो, याचा मला संताप येतो.

सगळ्यात वाईट तो बॉनेटखालचा उघडा कोन फिल्टर. कंपनीचा फिल्टर बॉक्स बाहेरची गार हवा घेतो. तो काढून फेकायचा आणि तापलेल्या इंजिनाशेजारी हा चकचकीत कोन बसवायचा. हवा १० अंशांनी तापली की तिची घनता सुमारे ३ टक्क्यांनी घटते. म्हणजे मुंबई-पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये पैसे मोजून ताकद घालवायची.

खरं काम सिलिंडर हेडमध्ये असतं: पोर्ट, व्हॉल्व्ह, कॅम, कॉम्प्रेशन. ते खर्चिक आहे आणि त्याची किंमत गाडीही मोजते. रेसिंगचा कॅम वरच्या आरपीएमला जीव ओततो, पण सिग्नलवरून उचलताना गाडी मरगळते. हेड घासून कॉम्प्रेशन वाढवलं की साध्या पेट्रोलवर नॉकिंगची भीती.

हे काम कसं करावं ते रेसिंगच्या गाड्या बनवणाऱ्या जॉन कूपरनं १९६१ मध्ये मिनी या छोट्या ब्रिटिश गाडीवर दाखवलं. साध्या मिनीचं इंजिन ८४८ सीसी आणि ३४ हॉर्सपॉवरचं. मिनी कूपरमध्ये ते झालं ९९७ सीसी, दोन कार्बोरेटर, ५५ हॉर्सपॉवर. आणि वाढलेली ताकद आवरायला त्याच गाडीत पुढच्या ड्रम ब्रेकच्या जागी डिस्क आले. पुढे १९६४ मध्ये तिच्याच कूपर एस या आवृत्तीनं मॉन्टे कार्लो रॅली मारली. आपल्याकडे ताकदीची भाषा करणाऱ्या किती गाड्यांचे टायर गुळगुळीत असतात, ते पार्किंगमध्ये वाकून बघा.

तेव्हा आधी प्लग काढून कॉम्प्रेशन गेज लावा आणि प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहून घ्या. एखादा बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल, तर तुमचा हरवलेला पिकअप तिथे आहे. पैसे तिथे घाला. त्यानंतरही ट्यूनिंग करायचंच असेल, तर कामाआधीचा आणि कामानंतरचा, एकाच डायनोवरचा, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावरचा, कागद मागा. तो द्यायला टाळाटाळ करणाऱ्याच्या हातात किल्ली देऊ नका.