ना हरकतीवर चालणारी मोटार

विजेवर चालणाऱ्या मोटारीच्या मालकावर सरकारची हल्ली जी मेहेरनजर आहे, ती पाहता पर्वतीच्या रमण्यात दक्षिणेसाठी तिष्ठणाऱ्या शास्त्रीपंडितांनाही हेवा वाटावा. वस्तू व सेवा कर १ ऑगस्ट २०१९ पासून बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर उतरला. त्याच्या आदल्या वर्षी हिरव्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत क्रमांक मिरविण्याचा मान बहाल झाला. धूर तपासून घेतल्याचा दाखला जवळ बाळगण्याची यातायात उरली नाही. आणि २०२५ च्या राज्य धोरणाने तर अटल सेतू, समृद्धी महामार्ग व मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग या तिन्ही ठिकाणच्या पथकराच्या माफीची सनदच मालकाच्या हाती दिली. इतकी इनामे पदरात पडल्यावर मालकाने आपल्या जबाबदारीवर करावयाची एकच गोष्ट शिल्लक राहते, ती म्हणजे त्या मोटारीत वीज भरणे. आणि नेमक्या त्याच ठिकाणी सरकारचा अंमल संपून सहकारी गृहरचना संस्थेचा अंमल सुरू होतो.

यंत्रशास्त्राचे जाणकार असे सांगतात, की पेट्रोलच्या मोटारीत पिस्टन, व्हॉल्व्ह, क्लच, गिअर असे हलणारे भाग शेकड्यांनी असतात आणि विजेच्या मोटारीत ते जवळजवळ नाहीसे झाले आहेत. हे विधान शोरूमच्या काचेआड खरे असेल. परंतु मोटार घरी आणल्यावर असे ध्यानात येते की ते भाग नाहीसे झालेले नसून त्यांची अन्यत्र बदली झाली आहे. सोसायटीचे सेक्रेटरी, खजिनदार, इमारतीचा वायरमन, वीज कंपनीच्या उपविभागातील कारकून आणि तळमजल्यावरचे ते गृहस्थ, ज्यांना कोणतीही तार आपल्या खिडकीखालून गेलेली खपत नाही, हे सारे आता त्या मोटारीचे हलणारे भाग होत. फरक इतकाच, की पिस्टन एकदा किल्ली फिरवल्यावर आपण होऊन हलत असे. सेक्रेटरींना हलवावे लागते.

आमची मागणी क्षुल्लक होती. वाहनतळातील आमच्याच जागी, आमच्याच मीटरवरून, आमच्याच खर्चाने ओढलेल्या तारेवर, पंधरा अँपिअरचा एक प्लग बसविण्यास ना हरकत दाखला मिळावा, एवढाच त्या अर्जाचा मजकूर. अर्ज वाचून झाल्यावर सेक्रेटरींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढविला आणि ज्या प्रश्नापुढे महाराष्ट्रातील प्रत्येक नवीन गोष्टीला आजवर हात जोडून उभे राहावे लागले आहे तो प्रश्न केला: “अहो, तुमचं ठीक आहे, पण उद्या सगळ्यांनीच मागितलं तर?”

या प्रश्नास उत्तर नाही, कारण तो उत्तर मिळावे म्हणून विचारलेलाच नसतो. याच एका प्रश्नाच्या बळावर आमच्या इमारतीत गच्चीवरचा सौर बंब, खिडकीबाहेरच्या कुंड्या आणि रात्री दहानंतरचे पाहुणे यथाकाल अडविले गेले आहेत, आणि ‘सगळ्यांनी’ त्यांपैकी काहीही कधी मागितल्याची नोंद इतिवृत्तात नाही. गंमत अशी, की दिल्ली आणि मुंबई येथील सरकारे करावर पाणी सोडतात, पथकर माफ करतात, ते उद्या सगळ्यांनीच मागावे याच आशेने. आणि सोसायटी ज्या भयाने रात्र रात्र जागते तेही नेमके हेच. एका राज्याची महत्त्वाकांक्षा आणि एका इमारतीची धास्ती यांचा मजकूर इतका शब्दशः जुळावा, हा योग लोकशाहीत क्वचितच येतो.

पुढे अग्निभयाचा विषय निघाला. ज्यांनी तो काढला त्यांच्या स्वयंपाकघरात गॅसची दोन सिलिंडरे आहेत आणि वाहनतळात, आमच्या नियोजित प्लगपासून दोन हातांवर, त्यांच्या मोटारीच्या टाकीत पस्तीस-चाळीस लिटर पेट्रोल रात्रंदिवस वास्तव्य करून असते. पण जुना धोका वहिवाटीने निर्धोक ठरतो. प्रश्न अखेर वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे गेला. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० अन्वये ही सभा ३० सप्टेंबरपूर्वी भरवावी लागते, म्हणून ती गणपती आणि नवरात्र यांच्या मधल्या सांदीत भरते, आणि आमचा विषय कार्यक्रमपत्रिकेच्या तळाशी, ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐन वेळी येणारे विषय’ या सदरात, कबुतरांच्या जाळीनंतर व टँकरच्या बिलापूर्वी आला. तोवर बटाटेवडे आले होते. वड्यांपुढे कोणताही ठराव टिकत नाही हे जाणून अध्यक्षांनी आमच्या अर्जास ‘तत्त्वतः मान्यता’ दिली. आता तत्त्वतः मान्यता हा पदार्थ विद्युतशास्त्रीय दृष्ट्या पाहता उत्तम रोधक आहे. त्यातून वीज वाहत नाही. प्रत्यक्ष वीज वाहावी यासाठी एक उपसमिती नेमण्यात आली, आणि तीत तळमजल्यावरच्या त्या गृहस्थांस घेण्यात आले, कारण तारेच्या विषयातील त्यांच्याइतका जुना अनुभव अन्य कोणापाशी नव्हता.

उपसमितीने बरेच काम केले, असे म्हणणे न्यायाचे होईल. तिच्या चर्चेचा बहुतेक काळ अर्थिंगच्या खड्ड्याने खाल्ला. मोटारीचा चार्जर हा मोठा सोवळा प्राणी आहे. जमिनीशी पक्का विद्युतसंबंध असल्याची खात्री पटल्यावाचून तो अन्न शिवत नाही, तांबडा दिवा लावून स्वस्थ बसतो. त्यासाठी जमिनीत खोल खड्डा घेऊन त्यात पट्टी पुरावी लागते आणि भोवती मीठ व कोळसा घालून वरून पाणी ओतावे लागते. हा विधी वायरमनने उपसमितीस समजावून सांगितला मात्र, त्या बैठकीचे स्वरूप पालटले. खड्डा ईशान्येस नको असे एकाने सुचविले. मिठाने चाफा जळेल अशी दुसऱ्याने हरकत घेतली. गणपतीच्या मांडवाचा खांब दर वर्षी तेथेच रोवला जातो, हे तिसऱ्याच्या ऐन वेळी स्मरणात आले. आणि कोळसा कोणत्या लाकडाचा, असेही एका वयोवृद्ध सभासदांनी विचारले. अखेर खड्डा खणला गेला तेव्हा ज्यांनी सर्वांत अधिक विरोध केला होता तेच नारळ घेऊन खाली आले.

वीज आली. तिच्यामागून बिल आले. घरगुती विजेचा दर हा शंभर, तीनशे आणि पाचशे युनिटांच्या पायऱ्यांनी चढतो, आणि मोटारीसारखी तीस-चाळीस युनिटे एका बैठकीत फस्त करणारी पाहुणी घरी राहिली की शांतपणे दुसऱ्या पायरीवर बसलेले कुटुंब तिसरीवर, तेथून चौथीवर ढकलले जाते. यावर उपाय म्हणून विद्युत वाहनांसाठी निराळ्या दराचे निराळे मीटर घेता येते. त्यासाठी निराळा अर्ज करावा लागतो आणि त्या अर्जास सोसायटीचा निराळा ना हरकत दाखला जोडावा लागतो. जुने वीजमंडळ २००५ साली विसर्जित होऊन त्याच्या कंपन्या झाल्या, तरी आमच्या पिढीच्या तोंडी ते ‘बोर्ड’च राहिले आहे, आणि बोर्डाचा गुरुवार तर अढळच. गुरुवार हा पुण्यात वीजवाहिन्यांच्या दुरुस्तीचा वार, पाण्याच्याही बंदचा वार आणि दत्ताचाही वार; तेव्हा मालकाबरोबर मोटारीसही उपास घडतो, आणि ज्यास शुक्रवारी पहाटे गावी निघावयाचे आहे त्याला बुधवारी रात्रीच तिच्या पारण्याची व्यवस्था करून ठेवावी लागते.

गावी जाण्याचा विषय निघाला की भेटणारा प्रत्येक मनुष्य, मग तो सख्खा चुलता असो वा सिग्नलला शेजारी थांबलेला रिक्षावाला, एकच विचारतो: “एकदा चार्ज केल्यावर किती जाते?” यास कागदावरचे उत्तर एक आणि रस्त्यावरचे दुसरे. कागदावरचे उत्तर वाहनांच्या प्रमाणित चाचणीतून येते, आणि तशा चाचण्या घेणारी मान्यवर संस्था आमच्या कोथरूडलगतच्या टेकडीवरच आहे. पुणेकर रोज पहाटे तिच्या कुंपणावरून फिरावयास जातात. चाचणीत मोटार रोलरांवर उभी राहून धावते. रोलरांवर खंबाटकीचा घाट नसतो, सिंहगड रस्त्यावरची संध्याकाळ नसते, आणि मागच्या आसनावर ‘एसी जरा वाढव रे’ म्हणणाऱ्या मावशीही नसतात. म्हणून अनुभवी मालक छापील आकड्यातून मावशी वजा करूनच प्रवासाचा बेत आखतो.

रस्त्यावर वीज भरण्याची केंद्रे आता पुष्कळ झाली आहेत, आणि जितकी केंद्रचालकांची संस्थाने, तितकी अॅपे. प्रत्येक संस्थानाची सरहद्द निराळी, टांकसाळ निराळी. येथील पाकिटात भरलेले पैसे पलीकडच्या कोसावर चालत नाहीत, आणि मराठे-निजाम यांच्या मुलखांत हुंडी वटत असे ती सोयही येथे नाही. मोटार दारात उभी करून मालकाने अॅप उतरवून घ्यावे, नाव-गाव भरावे, ओटीपीची वाट पाहावी. आणि ओटीपी येण्यास लागणारा मोबाइलचा सिग्नल त्या केंद्राच्या पत्र्याखाली येत नाही, म्हणून फोन डोक्यावर धरून आंब्याच्या झाडापर्यंत चालत जावे. गन एकदा मोटारीस लावली की ती काढण्यासही अॅपचीच अनुज्ञा लागते. पेट्रोल पंपावरचा पोऱ्या ‘साहेब, झिरो बघा’ म्हणत असे, तेवढ्या तीन शब्दांत एक संपूर्ण करार उभय पक्षी पुरा होत असे, हे आज कोणास सांगितले तर पटणार नाही.

कायद्याचे डोके मात्र या बाबतीत असामान्य चालले. वीज अधिनियम, २००३ अन्वये वीज विकावयास परवाना लागतो. मग धाब्यावर चार्जर ठेवणाऱ्या मनुष्याने परवाना कोठून आणावा? तेव्हा केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये खुलासा केला, की मोटारीची बॅटरी भरून देणे ही विजेची विक्री नसून सेवा आहे. परवान्याची अडचण सुटली. आणि सेवा म्हटल्यावर तिजवर अठरा टक्के कर आला. मोटारीवर पाच टक्के आणि तिच्या अन्नावर अठरा, हे प्रमाण अर्थशास्त्रात कसे बसते ते अर्थशास्त्री जाणोत. लग्न स्वस्तात लावून देऊन संसार महाग करण्याची रीत आमच्याकडे जुनीच आहे. शिवाय त्या विजेचा उगम पाहावा, तर राज्याची बहुतांश वीज अद्यापि कोळशावरच होते. आमच्या मोटारीस धुराडे नाही असे नाही. ते चंद्रपुरास आहे, इतकेच. तेथील रहिवाशांकडून मात्र ना हरकत दाखला आणण्यास आम्हांस कोणीही सांगितले नाही.

या सर्व व्यवहारात मोटारीने निखळ नफा दाखवावा असे एकच स्थान आहे: बोरघाटाचा उतार. घाट उतरताना ती ब्रेकची शक्ती वाया जाऊ न देता बॅटरीत परत जमा करते आणि खोपोलीस पोहोचेतो दर्शनी तक्त्यावरचा आकडा घटण्याऐवजी चढलेला दिसतो. मात्र लोणावळ्यास हौसेने बॅटरी काठोकाठ भरून घेतलेल्या इसमास हा लाभ होत नाही. भरल्या रांजणात पाणी ओतण्यास जागा नसते. याच उतारावरून पाणी खाली सोडून टाटांनी १९१५ साली खोपोलीस वीज काढली; आम्ही मेहुण्यास खाली सोडून काढतो. मेहुण्याची प्रकृती भारदस्त आहे, आणि उतारावर जितके वजन अधिक तितकी वीज अधिक, हे पदार्थविज्ञानाने सिद्ध असल्यामुळे मुंबईस जाताना त्यास आम्ही आग्रहाने बरोबर घेतो. परतताना हेच वजन घाट चढवून न्यावे लागते, सबब त्या वेळी त्यास सायंकाळच्या डेक्कन क्वीनचे तिकीट काढून देतो.

तो प्रथम रुसला होता. आता स्वतः होऊन तिकीट मागतो. ती गाडीही विजेवरच चालते आणि १९३० सालापासून हाच घाट त्याच विजेवर चढत आली आहे. तिला सोसायटी नाही, उपसमिती नाही, ओटीपी नाही. एकदा चार्ज केल्यावर किती जाते असे तिला कोणी विचारीत नाही. आणि आम्ही खालापूरच्या फूड मॉलवर दुसऱ्या कोणाची मोटार ऐंशी टक्के भरण्याची वाट पाहात उभे असतो तेव्हा मेहुण्याचा फोन येतो, की भाऊजी, कर्जत गेलं, कटलेट आलंय, तुम्ही कुठवर पोचलात?