खुर्च्या कोणी आणायच्या?

आमच्या अलोऱ्यात इमारतीवर जीव लावायची फारशी पद्धत नाही. उशाला कोळकेवाडीचं धरण, पलीकडे पोफळीला डोंगराच्या पोटातलं वीजघर, आणि मधे कोयना प्रकल्पासाठी उभी केलेली वसाहत. क्वार्टरच्या दारावर नावाची पाटी नसायची, रंगवलेला नंबर असायचा. बदलीचा कागद आला की ट्रंका, पिठाचे डबे आणि डालड्याच्या डब्यातली तुळस ट्रकात चढायची. मागे उरलेल्या भिंतीवर नव्या बिऱ्हाडाचं कॅलेंडर त्याच खिळ्याला लागायचं. आता बऱ्याच क्वार्टरमध्ये माणसांऐवजी झाडंच राहतात, भाडंही देत नाहीत.

त्यामुळे एखाद्या मंडळीचं चर्च गेलं असं कानावर आलं की मला पहिला प्रश्न पडतो तो भिंतींचा नव्हे, खुर्च्यांचा. पुढच्या रविवारी बसणार कुठे, आणि खुर्च्या कोण आणणार? ज्या समाजात हा प्रश्न विचारणारा एक तरी खट्याळ म्हातारा आणि त्याला उलट बोलणारी एक तरी बाई शिल्लक आहे, त्या समाजाची काळजी करू नये.

मुंबईत अंधेरीला सीप्झ नावाचं निर्यात क्षेत्र आहे. १९७३ साली उभं राहिलं. आत दागिने घडतात, संगणकाची कामं चालतात, आणि या सगळ्यांच्या मधे एक पडकं चर्च आहे. जेझुइट पाद्र्यांनी १५७९ साली बांधलेलं, संत योहान बाप्तिस्त्याचं. छप्पर नाही, दर्शनी भिंत आणि मनोरा तेवढा ताठ. १८४० साली कोंदिविट्याच्या भागात साथ आली, माणसं मेली, उरलेली हलली. पाद्री मूर्ती आणि सामानसुमान घेऊन मरोळला गेले आणि तिथे नवं चर्च मांडलं. जुन्याच्या नशिबी पाऊस, वड-पिंपळ आणि पुढे सव्वाशे-दीडशे वर्षांनी थेट कस्टमचं कुंपण आलं.

त्या चर्चची मंडळी ईस्ट इंडियन. पश्चिम किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहायचं, घरात मराठी बोलायचं, लुगडं नेसायचं, फुगे तळायचे, आणि नाव मात्र पूर्वेचं! १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली तेव्हा, त्यांनी ते घेतलं. बाहेरून मुंबईत येणाऱ्या इतर ख्रिस्ती लोकांपेक्षा आपण इथले मूळचे, हे इंग्रज सरकारच्या साहेबाला कळावं म्हणून. नोकरीसाठी माणूस दिशासुद्धा बदलतो, त्यात नवल नाही.

तर हे लोक मे महिन्यातल्या एका रविवारी त्या पडक्या चर्चमध्ये मिस्सेला जमतात. एरवी आत जायचं तर परवानगीशिवाय जाता येत नाही. आपल्याच पणज्याच्या पणज्याचा बाप्तिस्मा जिथे झाला तिथे जायला फाटकावरच्या पहारेकऱ्याची मर्जी लागते. क्षेत्र निर्यातीचं, म्हणजे आत काय जातं नि बाहेर काय येतं यावर डोळ्यांत तेल घालून नजर. नशीब, प्रार्थना ही पूर्णपणे निर्यातीचीच वस्तू असल्यामुळे तिच्यावर शुल्क बसत नाही.

त्या रविवारचं मला अप्रूप वाटतं ते वेगळ्याच कारणाने. मरोळला चांगलं छपराचं चर्च आहे. पंखे आहेत, बाकं आहेत. तरी मे महिन्याच्या घामात, डोक्यावर आभाळ घेऊन उभं राहायला माणसं येतात. वेदी मांडायची, चादर वाऱ्याने उडू नये म्हणून कडेला वजन ठेवायचं, म्हाताऱ्यांना सावली कुठली ते आधी हेरून ठेवायचं. हे सगळं कोणीतरी करतं म्हणून तो रविवार होतो. श्रद्धा वगैरे असतेच; पण श्रद्धेला ओझी उचलता येत नाहीत, त्याला चार पोरं लागतात.

आम्हा धरणाखालच्या लोकांना याहून जवळची वाटावी अशी गोष्ट गोव्यात आहे. सांगे तालुक्यातलं कुर्डी. मोगूबाई कुर्डीकरांचं कुर्डी, म्हणजे मराठी माणसाच्या कानाला ते गाव आधीपासून ओळखीचं. साळावली धरणात ते गेलं. तिथलं महादेवाचं प्राचीन देऊळ पुरातत्त्व खात्याने दगड दगड सोडवून धरणाजवळ नेऊन पुन्हा उभं केलं. बाकीच्यांना तेवढं भाग्य कुठलं? घरं, अंगणं, विहिरी, सगळं पाण्याखाली. पण उन्हाळ्यात पाणी उतरलं की गाव वर येतं. भेगाळलेला चिखल, जोत्यांच्या रेषा, तुटलेली वाट. मग विस्थापित माणसं परत येतात. हिंदू सोमेश्वराच्या उत्सवाला, ख्रिस्ती आपल्या कपेलाच्या फेस्ताला. तारीख पंचांगाची असो की पाद्रीबाबांची, शेवटची सही धरणाच्या पातळीची. आणि आलेला प्रत्येक जण आधी देवाकडे जात नाही, आधी आपलं जोतं शोधतो आणि शेजाऱ्याचा बांध आपल्या हद्दीत किती आला होता ते नातवाला दाखवतो, असं माझं ठाम मत आहे. माझा नातू असता तर मीही तेच केलं असतं. जमीन पाण्याखाली जाऊन कैक वर्षं झाली तरी बांधाचा वाद कोरडाच राहतो.

हे हसण्यावारी नेऊ नये. कोयनेच्या शिवसागराखाली गेलेल्या गावांची माणसं कुठे कुठे पांगली, पण देव बरोबर घेऊन गेली आणि देवाबरोबर मानपानही. पालखीला पहिला खांदा कोणाचा, नारळ कोणी वाढवायचा, हा तंटा नव्या जागी पहिल्या वर्षी उपटला की समजावं, गाव रुजलं. ज्यांना पुढच्या वर्षीही एकमेकांचं तोंड बघायचंय, तीच माणसं मानासाठी भांडतात.

आपल्या कोकणात तर देवालाही चार भिंतींचं फार वेड नाही. शिमग्यात ग्रामदेवता देवळातून उठते, पालखीत बसते, सहाणेवर मुक्काम करते, घरोघर जाते. एरवी पायरी न चढणारा मुंबईकर त्या दिवसांत रजा टाकून येतो आणि खांदा देताना मनगटावरचं घड्याळ काढून बायकोकडे देतो. देऊळ मागे मोकळंच.

वसाहतीत आमच्या ओळीला शेवटच्या क्वार्टरमध्ये एक नर्सबाई राहायच्या. नाताळच्या आधी त्यांच्याकडे प्रार्थना असायची. आठ-दहा घरं, कोणी केरळचं, कोणी नगरकडचं. मंडळी मराठी गाणी ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकाच्या चालीवर म्हणायची आणि केरळी पेटीवाला मधेच वेगळीच पट्टी धरायचा. खुर्च्या आमच्या गणेशोत्सव मंडळाच्या. लोखंडी, घडीच्या, पाठीवर ऑइल पेंटने ‘गणेश मंडळ’ लिहिलेल्या. ‘ळ’ चा ओघळ खाली आलेला. त्यांवर बसून ती माणसं येशूजन्माची गाणी म्हणत. दुसऱ्या दिवशी खुर्च्या मोजून परत यायच्या. त्या बाबतीत नर्सबाई कडक होत्या, एक खुर्ची जास्तच यायची. ती कोणाची हे मंडळाने कधी विचारलं नाही.

जागा गेलेल्यांना लोक ‘देव पाहून घेईल’ म्हणतात, ते बरोबरच असेल. पण देवालाही कोणीतरी वर्गणीचं पुस्तक छापून द्यावं लागतं. शेजारच्या एका वाडीत जुनं कौलारू देऊळ जीर्णोद्धारासाठी उतरवलं, देवी तात्पुरती पत्र्याच्या शेडमध्ये बसवली. ‘तात्पुरती’ला बरीच वर्षं झाली. शेडमध्ये उकडतं, म्हणून पंखा घ्यायचा ठराव आला. एक पक्ष म्हणाला, पुढच्या वर्षी देऊळ होतंच आहे, उगाच खर्च कशाला? दुसरा म्हणाला, तात्यानू, गेल्या वर्षी पण तुम्ही हेच बोललात. तीन बैठका झाल्या. एवढी हजेरी कौलारू देवळात कधी लागली नव्हती. शेवटी मुंबईच्या एका चाकरमान्याने पंखा दिला आणि तिन्ही पात्यांवर वडिलांचं नाव घालायला सांगितलं. पंखा फिरायला लागला की नाव वाचता येत नाही, म्हणून तो चाकरमानी गावी आला की आरती संपेपर्यंत पंखा बंद ठेवतात.