थंड झाली की होते

तळेगावात गाडी बंद पडणं हा कुणाचाही खासगी प्रसंग राहत नाही. २००८ साली इथे जनरल मोटर्सचा कारखाना सुरू झाला, २०२० च्या डिसेंबरात तिथलं उत्पादन थांबलं, पुढे तो ह्युंदाईकडे गेला. या उलाढालीत गावभागापासून स्टेशनपर्यंत ज्याला त्याला एक तरी नातेवाईक ‘कंपनीतला’ मिळाला. कुणी पेंट शॉपला होता, कुणी कँटीनला. पण रस्त्यात बॉनेट उघडलेलं दिसलं की कँटीनवालाही कंबरेवर हात ठेवून उभा राहतो आणि आधी इंजिनाकडे व मग मालकाकडे बघतो. इंजिनाकडे मायेने, मालकाकडे संशयाने.

माझ्या गाडीचा आजार मोठा शिष्ट होता. सकाळी एका सेल्फला चालू. सोमाटणे फाट्यापर्यंत कसलीही तक्रार नाही. पण मे महिन्यातल्या दुपारी, चाकण रस्त्यावर, पुढे कंटेनर आणि मागे कंटेनर अशी अवस्था आली की न खोकता, न कुरकुरता ती एकदम बंद. सेल्फ मारावा तर इंजिन गरागरा फिरणार, पेट मात्र घेणार नाही. पेट्रोल भरलेलं, बॅटरी ठणठणीत.

पहिलं निदान सोसायटीतल्या काकांचं. “टर्मिनल!” गाडीपाशी पोचायच्या आतच ते म्हणाले. पाना मागवला, तो बसेना म्हणून दुसरा मागवला, टर्मिनल सोडवून पॉलिश पेपरने घासलं, व्हॅसलीन लावलं, घट्ट केलं. चावी फिरवली. चालू! तोवर मला ‘अहो’ म्हणणारे काका त्या दिवसापासून ‘अरे’ म्हणू लागले.

पुढच्या खेपेला लिंब फाट्याजवळ. रसवाला म्हणाला, “टाकीत गॅस धरलाय, दादा. झाकण उघडं टाका अन् निवांत रस घ्या.” रस संपला, झाकण लावलं, गाडी चालू. मग सासूबाईंनी नारळाची आज्ञा केली. भाचा स्कूटरवरून गेला, सोललेला घेऊन आला. शेंडीचाच हवा म्हणून पुन्हा गेला. नारळ फुटला आणि इंजिनाने हुंकार दिला. सासूबाई काही बोलल्या नाहीत. बोलायची गरजच नव्हती. एका फिटरने प्लग बदलले, दुसऱ्याने इग्निशन कॉईल. दोघांच्याही दारातून गाडी दिमाखात बाहेर पडली. म्हणजे प्रत्येकाचा प्रयोग यशस्वी, आणि प्रत्येक प्रयोगाचा डोळ्यांदेखतचा साक्षीदार मीच!

पूर्वीच्या पद्मिनीला असं काही झालं की पॉइंट घासायचे, डिस्ट्रिब्युटरची टोपी फडक्याने कोरडी करायची, वायर काढून ठिणगी पडते का बघायची आणि जमलंच तर एक झटका खायचा. दोष निदान हाताला तरी लागायचा. आता टोपीही गेली आणि झटकाही गेला.

शेवटी स्टेशनभागातला एक पोरगेलासा वायरमन भेटला. त्याने बॉनेटला हातच लावला नाही. “चालू गाडी मला दाखवू नका काका, बंद पडू द्या.” गाडी उन्हात चालत ठेवली. पंखा फिरला, थांबला, पुन्हा फिरला. आणि ती गेली. “आता सेल्फ मारा.” मी मारला. तो इंजिनाकडे बघतच नव्हता. त्याची नजर डॅशबोर्डवर, आरपीएमच्या काट्यावर. “बघा, काटा शून्यावर चिकटलाय. इंजिन फिरतंय, पण फिरतंय हे गाडीला माहीतच नाही.”

इतकं अचूक वाक्य मी समीक्षेच्या पुस्तकांतही फारसं वाचलेलं नाही.

मग त्याने उलगडून सांगितलं. क्रँकशाफ्टवर दातेरी चकती असते. बऱ्याच गाड्यांत तिला साठ दातांची जागा असते आणि त्यातले दोन दात मुद्दाम गाळलेले असतात. शेजारी बोटाएवढा क्रँक सेन्सर बसून दात मोजतो. ती मोकळी जागा आली की पिस्टन नेमके कुठे आहेत हे कॉम्प्युटरला कळतं. मिनिटाला आठशे फेऱ्या धरल्या तरी सेकंदाला साडेसातशेहून जास्त दात समोरून जातात. चार सिलिंडरच्या इंजिनाला तीन हजार फेऱ्यांवर सेकंदाला शंभर ठिणग्या लागतात, आणि प्रत्येक ठिणगी या मोजणीच्या भरवशावर. मोजणी थांबली की कॉम्प्युटर ठिणगीही देत नाही आणि पेट्रोलही. माझा सेन्सर चुंबकाभोवती तांब्याची बारीक तार गुंडाळलेला, साध्या जातीचा. तापला की आतली तार तुटल्यासारखी सुटायची, निवला की पुन्हा टेकायची.

त्याने मीटर लावला: रीडिंगच नाही. माझ्या हातातली पाण्याची बाटली घेतली, सेन्सरवर हळूहळू ओतली. मीटरवर काहीशे ओहम उगवले. चावी फिरवली, गाडी चालू.

तिथेच माझ्या डोक्यात प्रकाश पडला. टर्मिनल घासायला, रस प्यायला, शेंडीचा नारळ शोधायला लागतो तेवढाच वेळ सेन्सर निवायला लागत होता! आपल्याकडचे कितीतरी नामांकित उतारे याच वेळेच्या जिवावर उभे असावेत, असा माझा दाट संशय आहे. त्यातल्या त्यात सचोटीचा उपाय रसवाल्याचा. निदान त्याने थंड काहीतरी दिलं, आणि पैसे फक्त रसाचे घेतले.

सेन्सर बदलला. भर दुपारी चाकण रस्त्यावर नेऊन बघितली, कंटेनरांच्या मधोमध तासभर उभी केली. काटा जागचा हलेना, म्हणजे हवा तिथेच राहिला. परत आल्यावर काकांना सगळा कार्यकारणभाव समजावला: दात, चुंबक, तार, ओहम. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“सेन्सर बदलायच्या आधी त्या पोराने बॅटरीचं टर्मिनल काढलं होतं का?”

“हो, ते काढावंच लागतं.”

“आणि नंतर परत नीट घट्ट केलं?”

“केलं की.”

“मग!” काका म्हणाले आणि पेपर वाचायला लागले.