एक पान, तीन वाढपी

हॉट रॉड, म्हणजे फेरफार करून वेगवान केलेली जुनी गाडी, बांधणाऱ्या माणसाला इंजिनाला किती कार्बोरेटर लागतात असं विचारू नये. तुला किती हवेत, असं विचारावं. उत्तर लगेच येतं, आणि ते बहुतेक वेळा तीन असतं.

आमचा इथला शेजारी याच पंथातला. हे दक्षिण कॅलिफोर्निया, म्हणजे हॉट रॉडवाल्यांची पंढरी. १९३० च्या दशकात इथली पोरं जुन्या फोर्डची मडगार्डं उतरवून म्युरॉकच्या कोरड्या तळ्यावर शर्यती लावायची. शेजाऱ्याकडे १९३७ चं फोर्ड व्ही८-६० इंजिन आहे. आठ सिलिंडर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे राक्षस उभा राहतो. पण हे प्रकरण १३६ घनइंचांचं, म्हणजे जेमतेम २,२०० सीसी. ६० ही अश्वशक्ती. फोर्डनं त्याला एकच कार्बोरेटर दिला होता, स्ट्रॉमबर्ग ८१. त्याला दोन गळे, प्रत्येक ०.८१ इंचाचा. शेजाऱ्याच्या मते हा इंजिनावर अन्याय आहे. त्याला ९७ हवेत, ०.९७ इंचाच्या गळ्यांचे. तेही तीन.

मी कागद-पेन्सिल काढली. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत आपल्या पोटाएवढी हवा ओढतं. मिनिटाला ४,५०० फेरे धरले आणि पोट काठोकाठ भरलं, तर १७७ घनफूट. पण ते भरत नाही. या फ्लॅटहेड इंजिनात व्हॉल्व्ह डोक्यावर नसून ब्लॉकमध्ये सिलिंडरच्या कडेला असतात, त्यामुळे हवा वळसे घेत आत शिरते. ८० टक्के धरा, १४० च्या आसपास. एकटा ९७ साधारण १५० घनफूट सोडतो. म्हणजे जेवणारा एक, त्याला वाढायला एक पुरे. आपण तिघांना पदर खोचून उभं करणार.

‘असू देत की जास्त,’ शेजारी म्हणाला.

तिथंच घोळ आहे. कार्बोरेटर पेट्रोल ढकलत नाही. अरुंद गळ्यातून हवा जोरात गेली की तिथला दाब पडतो आणि त्या ओढीनं पेट्रोल जेटमधून वर येतं. तेवढीच हवा सहा गळ्यांत वाटली की ती रेंगाळते, आणि पेट्रोल जागचं हलत नाही. सिग्नल हिरवा होतो, तुम्ही पाय दाबता, इंजिन आधी खोकतं, मग विचार करतं. तोवर सिग्नल लाल.

यावर शेजाऱ्यानं इतिहास काढला. १९५० साली गिलमोर स्टेडियमवर व्हिक एडेलब्रॉकच्या शर्यतीच्या गाडीतल्या अशाच व्ही८-६० नं, चालक रॉजर वॉर्डच्या हाती, नामांकित ऑफेनहाउझर इंजिनांना हरवलं होतं. खरं आहे. पण त्या टाकीत नायट्रोमिथेन होतं, शर्यतीचं जालीम इंधन. शेजाऱ्याला या गाडीतून दूध आणायला जायचंय.

शिवाय एकाहून जास्त कार्बोरेटर म्हणजे त्यांची आपसांत जुळवणी आली. रबरी नळीचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी, दुसरं आपल्या कानाशी, आणि सगळ्यांची फुसफुस एकसारखी येईपर्यंत पेच पिळायचे. मला डावा ‘स’ म्हणताना ऐकू येतो, उजवा ‘श’. हा फरक शिकवायला आमच्या शाळेत बाईंना पट्टी लागायची, इथं स्क्रू-ड्रायव्हरवर भागतं. दोन कार्बोरेटरना हे जमतं. तिसऱ्याशी पहिल्याचं पटलं की दुसरा रुसतो.

यावर एक शहाणी सोय आहे: रोजच्या चालीला फक्त मधला उघडायचा, कडेचे दोघे पाय पार खाली गेल्यावरच. पण छोट्या इंजिनाला त्यांची गरज क्वचितच पडते. दोघे आयुष्यभर कडेला क्रोम चमकवत बसून राहतात.

तेव्हा तुमच्याकडे असं इंजिन असेल, तर एक ९७ बसवा. जोडीचा मोह आवरत नसेल तर ८१ ची जोडी घ्या. पेट्रोल पंपाचा दाब तीन पौंडांच्या आत ठेवा, नाहीतर फ्लोटची सुई हार मानते आणि पेट्रोल गरम मॅनिफोल्डवर वाहतं. आणि तीनच हवे असतील तर कडेच्या दोघांखाली पत्र्याची बंद चकती बसवून टाका. वरून ती दिसत नाही.