सहीसंग्राहक

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेल्या या उद्योगनगरीत, जेथे पहिल्या पाळीच्या बसवर माणसांचे दिवस बेतलेले असतात, तेथे पन्नाशीला टेकलेला, गुणवत्ता विभागात स्थिरावलेला आणि रविवारी सकाळी प्राधिकरणातल्या आपल्या सदनिकेत टेबलावर पांढरा रुमाल अंथरून, बालपणी च्युइंगमबरोबर मिळालेले क्रिकेटपटूंचे पत्ते चिमट्याने उलटेपालटे करणारा जो गृहस्थ आढळतो, त्यास मी सहीसंग्राहक म्हणतो. त्याची पत्नी काय म्हणते ते शिष्टसंमत नाही.

पूर्वी हा छंद बिनखर्चाचा होता. आयटीआयनंतरची उमेदवारी चालू असता, २९ फेब्रुवारी १९९६ रोजी पोटदुखीची सबब सांगून तो पुण्याच्या नेहरू स्टेडियमवर दाखल झाला आणि अवघ्या १६६ धावा जमविणाऱ्या नवख्या केनियाने बलाढ्य वेस्ट इंडीजला ९३ धावांत गुंडाळल्याचा चमत्कार त्याने याचि डोळा पाहिला; लाराची सही हुकली, परंतु गर्दीत केनियाच्या कोणा खेळाडूने तिकिटावर जे काही ओढले, ते त्याने आजतागायत जपले असून, ते नाव कोणाचे, याची खातरजमा अद्याप व्हावयाची आहे.

आता सहीला दर आला. जुन्या पत्त्यावर निवृत्त खेळाडूची सही आणून देणारा एक दलाल त्यास व्हॉट्सअ‍ॅपवर दरफलक पाठवितो. कसोटीपटूंचा भाव निराळा, एकदिवसीयपुरत्यांचा निराळा. ज्याने स्वतः तपासणी-अहवालांवर सहस्रावधी सह्या ठोकल्या आणि त्यापोटी दमडीची बक्षिसी पाहिली नाही, त्याला हा व्यवहार अंमळ झोंबतो. माझे मत विचाराल तर पैसे मोजावेत, पण त्या खेळाडूसमोर दोन मिनिटे उभे राहण्याचे. घरपोच येणारी सही ही वीजबिलाच्या पावतीची सख्खी बहीण होय.

खर्चास मंजुरी मिळावी म्हणून एकदा त्याने घरात अमेरिकेचा दाखला काढला. मिकी मँटल नामक बेसबॉलपटूचा १९५२ सालचा पत्ता २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरांस विकला गेला!

"आणि त्यावरची सही?" पोहे परतता परतता पत्नीने विचारले.

सही नव्हतीच. इतकेच नव्हे, तर तो पत्ता कोरा करकरीत राहिला म्हणूनच ती किंमत आली आणि पत्त्यावर पेनाची नुसती रेघ दिसली तरी तिकडचे परीक्षक त्याची प्रत खाली उतरवितात, हेही त्या सत्यवचनी माणसाला सांगणे भाग पडले.

"म्हणजे पैसे देऊन रिजेक्शन," ती म्हणाली, आणि तिने लिंबू पिळले.

तरीही त्याने दलालास फोन लावलाच. सहीबरोबर अस्सलतेचे प्रमाणपत्र देऊ, असे आश्वासन मिळताच मात्र त्याच्यातील गुणवत्ता विभाग खडबडून जागा झाला. प्रमाणपत्रावर सही कोणाची, तिचा नमुना कोणत्या दप्तरी दाखल आहे, ती तसदीक कोणी केली आणि एका लॉटमागे किती नग आगाऊ तपासावयास मिळतील, अशी त्याने रीतसर विचारणा केली. दलालाने त्याचा नंबर ब्लॉक केला आहे.