दर्यासारंग, मुक्काम डोंबिवली

परवडत नाही म्हणून एखादा छंद सोडून देतो, तो माणूस समजायला सोपा. परवडतो म्हणून करतो, तोही. अवघड असतो तो तिसरा. एखादी गोष्ट महाग आहे असं कळल्याशिवाय याला तिच्यात रसच वाटत नाही. लोकांचे लाखभर रुपये जिथे जातात ते काम आपण दहा हजारांत करून दाखवायचं, हा त्याचा मूळ छंद. मग ती दुर्बीण असेल, गच्चीवरची द्राक्षं असतील, नाहीतर हॉलमधला समुद्र. आमच्या सोसायटीतल्या अशा गृहस्थांनी समुद्र निवडला. डोंबिवलीत, तिसऱ्या मजल्यावर.

तेव्हापासून सगळे त्यांना दर्यासारंग म्हणतात. शिवाजी महाराजांच्या आरमारातली पदवी आपल्याला नऊ कॅन पाण्यावर मिळाली, याचा त्यांना संकोच नाही. उलट 'तीही फुकटच' असा भाव चेहऱ्यावर असतो.

त्याआधी त्यांच्याकडे गोड्या पाण्यातले गप्पी आणि मोली होते. ते मेले नाहीत, पळाले नाहीत, कुणाला नकोसे झाले नाहीत. त्यांचा दोष एवढाच, की ते मुळातच स्वस्त होते. स्वस्त गोष्ट स्वस्तात करण्यात कर्तबगारी कसली? अशात कुणीतरी त्यांना सांगितलं, की खाऱ्या पाण्याचा टँक म्हणजे मरीन टँक सामान्य माणसाचं काम नाही, त्यात पैसा नुसता विरघळतो. सांगणाऱ्याचा हेतू चांगला होता.

समुद्राची ओढ मात्र जुनी. मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झालं. मुंबईच्या आसपास वाढलेल्या कितीतरी पोरांनी समुद्रातला पोहणारा मासा पहिल्यांदा पाहिला तो तिथे. तोवर पाहिलेले सगळे टोपलीत. दर्यासारंगांना त्यांचे वडील चर्नी रोडला उतरवून तिथे घेऊन गेले होते आणि तिकिटाचे पैसे वसूल होईपर्यंत त्यांनी पोराला प्रत्येक काचेसमोर उभं केलं होतं. घराण्याचा वारसा असा दोन्ही अंगांनी आलेला आहे.

आता त्यांच्या वहीबद्दल सांगायला हवं. त्यांची उमर बँकेत गेली, त्यातली बरीच वर्षं ऑडिटमध्ये. लाल कापडी पाठीच्या वहीत चार रकाने आहेत: वस्तू, बाजाराचा भाव, माझा भाव, वाचले. पाहुण्यांना ते वाचून दाखवतात ती बेरीज फक्त शेवटच्या रकान्याची. तिसऱ्या रकान्याची बेरीज विचारणं असभ्यपणाचं मानलं जातं.

पहिला प्रश्न पाण्याचा. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. तीन बाय दीड बाय दीड फुटांची टाकी काठोकाठ भरली तर १९० लिटर पाणी मावतं, म्हणजे साडेसहा किलोंच्या वर क्षार आले. मरीन टँकसाठी दुकानात तयार मिळणारं मीठ आणि वाण्याकडचं जाडं मीठ यांच्या भावांतलं अंतर पाहून दर्यासारंगांना रात्रभर झोप आली नाही. पण एक गुण त्यांना दिलाच पाहिजे: पैसा टाळण्यासाठी ते वाटेल तेवढा अभ्यास करतात. दोन दिवसांनी त्यांनी जिन्यात मला गाठून सांगितलं, की मिठागरात मीठ आधी खडे धरतं आणि मॅग्नेशियम वगैरे मंडळी उरलेल्या कडू पाण्यात राहून वाहून जातात. तेव्हा वाण्याचं मीठ म्हणजे समुद्राचा एक घटक, अख्खा समुद्र नव्हे.

"मग आता?"

"मग काय? अख्खाच आणायचा. त्याला कुठे भाव आहे?"

मुंबईच्या किनाऱ्याचं पाणी त्यांनी नापास केलं, आणि ते योग्यच होतं. अलिबाग मुक्रर झालं. वीस-वीस लिटरचे नऊ कॅन घेऊन गाडी पेण-वडखळमार्गे निघाली. जाताना वहिनी आणि त्यांची बहीण मागे बसल्या होत्या. येताना मागच्या सीटवर पाणी बसलं आणि मेहुणीबाई एसटीनं परत आल्या. वहीत नोंद अशी: 'पाणी, १८० लिटर. माझा भाव: ०.' पेट्रोल, टोल आणि सुरमईची तीन ताटं 'सहल' या खात्यात गेली. वहिनींचं म्हणणं, लग्नाला इतकी वर्षं झाली पण अलिबाग पाहायला मिळालं ते माशांच्या कृपेनं. तेही प्रत्येक वेळी समुद्राकडे पाठ करून, कारण कॅनची झाकणं धरायला कुणीतरी लागतंच.

पाणी आणलं की आधी हायड्रोमीटर. खऱ्या समुद्राचं विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास भरतं. ऑगस्टात आणलेल्या कॅनमध्ये काटा १.०१६ वर अडला. पावसाळ्यात नद्यानाले किनाऱ्याजवळचं पाणी पातळ करून टाकतात, हे त्यांना माहीत नसेल असं नाही. पण बारीक डोळे करून ते नळीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "पाणी मिसळलेलं आहे." अख्ख्या अरबी समुद्राला ग्राहक मंचात खेचतील असा तो स्वर होता. शेवटी दुकानातली तयार मिठाची एक पिशवी आली. ती वहीत 'औषधे' खाली आहे.

दुसरा प्रश्न दगडांचा. मरीन टँकमध्ये खडक शोभेसाठी नसतात. त्यांच्या छिद्राछिद्रांत जे जिवाणू राहतात तेच टाकीची खरी गटारव्यवस्था चालवतात. मालवणकडच्या एका स्नेह्यानं "किनाऱ्यावर वाहून आलेलं पोवळं आणून देतो" म्हणून निरोप पाठवला. फुकट हा शब्द ऐकून दर्यासारंग क्षणभर डळमळले, पण त्यांनी कायदा उघडला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ज्या पहिल्या परिशिष्टात वाघ आहे त्यातच खडक बांधणारी प्रवाळंही आहेत. वाघाच्या पंक्तीतला दगड घरात ठेवण्याची त्यांची तयारी नव्हती.

म्हणून दगड घरीच झाले. पांढरं सिमेंट, शिंपल्यांचा चुरा आणि (इथे ते विजयानं हसले) वाण्याकडचं जाडं मीठ! मिश्रण वाळलं की पाण्यात टाकायचं. मीठ विरघळून जातं आणि दगडाला हवी तशी छिद्रं पडतात. युक्ती अस्सल आहे, मी स्वतः पाहिली. फक्त सिमेंटमुळे पाण्याचा सामू भलताच चढतो, म्हणून ते दगड आठवडेच्या आठवडे पाणी बदलत भिजत घालावे लागतात. नातवाच्या आंघोळीचा टब त्या काळात दगडांना दिला होता. नातू रडला. 'वाचले' मध्ये आणखी एक आकडा चढला.

टाकीखालच्या लोखंडी स्टँडवर मात्र त्यांनी एक पैसाही वाचवला नाही. पाणी, काच, दगड मिळून वजन अडीचशे किलोंच्या घरात जातं आणि खालच्या मजल्यावर सोसायटीचे चेअरमन राहतात.

मग आला तो कोलंबीचा प्रसंग. नव्या टाकीत मासे सोडण्याआधी जिवाणूंची वस्ती व्हावी लागते. काहीतरी कुजतं, त्यातून अमोनिया निघतो, एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन माशांना विष, तिसरं बऱ्यापैकी सुसह्य. या चक्राला चार ते सहा आठवडे लागतात आणि ते सुरू करण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे बाजारातली कच्ची कोलंबी पाण्यात टाकून ती सडू देणं. दर्यासारंगांनी वहिनींच्या नकळत बुधवारच्या कोलंबीतली एक बाजूला काढली. पण मासे खाणाऱ्या घरात कोलंबी मोजलेली असते.

"कालवणात एक कमी कशी?"

उत्तर हॉलमध्ये फुगून तरंगत होतं. ताजी, चांगल्या मापाची कोलंबी जाणूनबुजून नासवायची, हे वहिनींच्या संस्कारात बसण्यातलं नव्हतं. त्या कोकणातल्या. त्यांच्या माहेरी मासा टाकून देणाराला वेडा म्हणतात, आणि कुजवणाराला काय म्हणायचं हे ठरवण्याची वेळ कधी आलेलीच नव्हती. आठवडाभर बैठकीत वास होता. भिशीच्या बायका दारातूनच परतल्या. दर्यासारंग मात्र रोज संध्याकाळी परीक्षानळी खिडकीतल्या उजेडात धरून रंगाच्या कार्डाशी जुळवत बसायचे, आणि अमोनिया चढला की पेढे वाटायचेच बाकी ठेवायचे.

या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे: इथे हा माणूस भल्याभल्यांच्या पुढे आहे. महागडं सामान एका दिवसात उभं करून तिसऱ्या दिवशी मासे सोडणारे आणि आठव्या दिवशी दुकानदाराला शिव्या घालणारे मी पाहिले आहेत. दर्यासारंगांकडे पैसा नसेल, पण थांबण्याची ताकद अमाप आहे, कारण थांबण्याला भाव नाही. रिकाम्या टाकीतलं पाणी आणि दगड ते दीड महिना कौतुकानं बघत बसले. पाहुणे विचारायचे, "मासे कुठायत?" त्यावर उत्तर ठरलेलं: "जिवाणू आलेत."

मासे आणायला ते कुर्ल्याला गेले, कारण क्रॉफर्ड मार्केटमध्ये दुकानदार घासाघीस करताना हसतो असा त्यांचा अनुभव. निळे डॅम्सेल घेतले. काटक मासा, स्वस्तही. दोन घेतले आणि तिसरा फुकट मागून घेतला. हा तिसरा निघाला गुंड. बाकी दोघांचे कल्ले-पंख कुरतडून त्यानं त्यांना फिल्टरच्या नळीमागे कोंबलं आणि उरलेल्या तीन फुटांवर स्वतःची मालकी जाहीर केली. डॅम्सेलचा स्वभावच तो. त्याला पकडण्यासाठी सगळे दगड बाहेर काढावे लागले, दगड परत रचताना हीटर फुटला, आणि या सगळ्याची नोंद 'मासा (१), माझा भाव: ०' अशी आहे.

क्लाउनफिशच्या बाबतीत मात्र निसर्ग त्यांच्या बाजूनं उभा राहिला. 'फाइंडिंग निमो' हा चित्रपट २००३ साली आल्यापासून नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या या माशाला पोरं नावानंच हाक मारतात, आणि दुकानदार जुळलेली जोडी चढ्या भावानं विकतो. दर्यासारंगांनी वाचलं होतं, की क्लाउनफिश जन्मतः नर असतात आणि दोघांतला जो मोठा, दांडगा होतो तो पुढे मादी बनतो. मग जोडीचे पैसे कशाला द्यायचे? दोन सुटी पिल्लं आणली, एक जरा थोराड बघून. काही महिन्यांत जोडी आपोआप जमली. मी त्यांना इतकं भावुक झालेलं एरवी कधी पाहिलेलं नाही. ना मध्यस्थ, ना देणंघेणं.

दरम्यान टाकीतलं पाणी आटत होतं. वाफ होऊन जातं ते, आणि दर्यासारंग जेवढं कमी झालं तेवढं अलिबागचं ओतत होते. एके दिवशी मासे धापा टाकायला लागले. काटा पाहिला तर १.०३० च्या वर. त्यांनी पुस्तकं काढली, हायड्रोमीटर खोटा ठरवून पाहिला. वहिनी पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "आमटी आटली तर आपण पाणी घालतो. मीठ नाही घालत." वाफ पाण्याची होते, मीठ मागेच राहतं, तेव्हा भर घालायची ती साध्या, क्लोरीन उडवलेल्या पाण्याची. त्या दिवसापासून वहिनी टाकीच्या कारभारात अधिकारानं बोलू लागल्या.

आणि मग एप्रिल आला. समुद्रातल्या या माशांना २६ अंशांच्या आसपासचं पाणी मानवतं. डोंबिवलीच्या हॉलचं मत वेगळं होतं. पाणी गार ठेवायला चिलर मिळतो, पण त्याची किंमत ऐकून दर्यासारंगांनी दुकानदाराला पाणी मागितलं, प्यायला. घरी येऊन त्यांनी जुन्या संगणकाचे दोन पंखे टाकीवर बसवले. वाऱ्यानं पाण्याची वाफ होते आणि पाणी गार होतं, हे शास्त्र बरोबर आहे. नागपुरात ते फळलंही असतं. आपल्याकडे हवाच इतकी ओली, की वाफ जाणार कुठे? मग कोल्ड्रिंकच्या बाटल्यांत पाणी गोठवून त्या टाकीत तरंगवायला सुरुवात झाली. फ्रीझर बाटल्यांनी भरला, मटार हद्दपार झाले, नातवाची कुल्फी शेजारी म्हणजे आमच्याकडे ठेवायला आली. शुक्रवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की दर्यासारंग टाकीशेजारी स्टुलावर बसून मगानं पाणी काढायचे आणि उंचावरून परत ओतायचे, प्राणवायू मिळावा म्हणून. असे दोन शुक्रवार गेल्यावर घरात इन्व्हर्टर आला. मेमध्ये एसी आला, आणि तो चोवीस तास चालू लागला. इन्व्हर्टर 'घरखर्च'मध्ये आहे. एसी 'सौ.चे आरोग्य'मध्ये.

त्यामुळे वही आजही निष्कलंक आहे. टाकी, दगड, पाणी, बाटलीचा आणि लाकडी एअरस्टोनचा घरी केलेला, फेसातून घाण बाहेर काढणारा स्किमर, मासे. सगळं मिळून दहा हजारांच्या आत. स्किमर तर खरोखर चालतो, कपात रोज चहाच्या रंगाचा घाणेरडा अर्क जमतो आणि दर्यासारंग तो येणाऱ्याजाणाऱ्याला हुंगायला देतात.

परवा बी विंगमधला एक नवा नोकरीला लागलेला मुलगा टाकी बघून हरखला. "काका, मलाही करायचंय. खर्च किती येतो?"

दर्यासारंगांनी वही त्याच्यापुढे सरकवली. "बघ, नऊ हजार आठशे चाळीस. पावत्यांसकट."

आतून वहिनींचा आवाज आला, "एसी धरलाय का त्यात?"

"एसी हॉलचा आहे," दर्यासारंग जरा चढ्या आवाजात म्हणाले. "हॉलमध्ये मासे राहतात, हा योगायोग."