हरकत न आलेल्या एका लग्नाची हकीकत

लेस्टर, रविवार

तीर्थरूप दादांस,


गेल्या रविवारी वहिनींशी फोनवर बोलताना ऐन महत्त्वाच्या जागी आवाज तुटला, ‘आमच्या घरी चर्चमधलं लग्न ठरलंय’ एवढाच तुकडा वांगणीत पोहोचला आणि गावाने त्यास आपापल्या परीने हातपाय जोडल्यामुळे संध्याकाळच्या आत आमच्या नातवाचा एका मडमेशी विवाह होऊनही गेला, असे जव्हारहून भाच्याने कळवले. नातू नऊ वर्षांचा आहे. जव्हारच्या कचेरीत अव्वल कारकुनीपर्यंत चढलेल्या माणसाने असली अफवा दप्तरी राहू देणे योग्य नव्हे, म्हणून साद्यंत हकीकत लेखी सादर करतो.

लग्न आहे ते आमच्या माडीवर भाड्याने राहणाऱ्या मुलीचे. मुलगी नगरची, प्रॉटेस्टंट. मुलगा वसईचा, कॅथलिक. दोघेही चिरंजीवांबरोबर इथल्या एका इस्पितळाच्या औषधभांडारात नोकरीस. महिनाअखेर साठ्याचा ताळा कोण आधी जुळवतो यावरून या दोघांत तीन वर्षे अशी चुरस, की त्याने सकाळी आठाला कुलूप उघडले असे कळताच दुसऱ्या दिवशी ही पावणेआठाला पायरीवर हजर, आणि तिने कपाटांना निळ्या चिठ्ठ्या डकवल्या की आठवड्याच्या आत त्याच्या कपाटांना लाल. पुढे वरची एक जागा रिकामी झाली, तिच्यासाठी दोघांनी अर्ज केले, आणि ती जागा एका तिसऱ्याच गृहस्थास मिळाली. त्या संध्याकाळी ती दोघे प्रथमच एकत्र चहा प्याली. निमित्त साहेबाची निंदा हे होते. जगात पुष्कळ स्नेह याहून हलक्या पायावर उभे राहिलेले आहेत.

तेव्हापासून मुलगा दर रविवारी आपल्या चर्चमधली मिसा आटोपून आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसू लागला, आणि मुलगीही आपल्या चर्चमधून रेव्हरंड टिळकांचे एखादे भजन गुणगुणत परतू लागली. मग भाकरी तव्यावर असतानाच वादास तोंड फुटे. मुलीचे म्हणणे असे, की ज्या विल्यम कॅरीने 1805 साली श्रीरामपुरास मराठीचे व्याकरण छापले आणि वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने 1810 साली मोडी अक्षरांत कोशही काढला, तो मूळचा चांभारकाम करणारा मनुष्य 1789 पासून चार वर्षे याच लेस्टरात धर्मोपदेशक होता, सबब मराठीवर पहिला हक्क तिच्या पंथाचा. यावर मुलगा शांतपणे लोणच्याची फोड चोखत म्हणे, की कॅरीच्या खापरपणज्याचाही पत्ता नव्हता तेव्हा, 1616 साली, फादर स्टीफन्सचे मराठी ओव्यांतले क्रिस्तपुराण गोव्यात छापून निघाले होते. दोन महिने ऐकून घेतल्यावर मी निवाडा दिला, की दोन्ही दावेदार जातीचे इंग्रज असून जमीन मात्र मराठीची. त्यांची वहिवाट मान्य, मालकी नामंजूर. खर्च ज्याचा त्याने सोसावा. निवाडा कोणासच पसंत पडला नाही, त्यावरून तो न्याय्य असावा.

मुलाने मलाही सोडले नाही. 1739 साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चांच्या घंटा मराठ्यांनी नेल्या आणि त्यांतली एक नाशकास नारोशंकराच्या देवळात वाजते असे म्हणतात. ती परत कधी करता, असे तो मला दर रविवारी विचारतो. मी सांगितले, योग्य मुद्रांक लावून तीन प्रतींत अर्ज द्यावा. पुढच्या रविवारी त्याने खरोखरच तीन प्रती आणल्या, आणि अक्षर मुलीचे होते. दादा, त्याच क्षणी माझ्या ध्यानात प्रकरण आले. सूनबाई म्हणते, तिला ते शिमग्यापासूनच ठाऊक होते.

आता कायद्याची बाब. इथे लग्नाआधी उभयतांनी नोंदणी कचेरीत जाऊन नोटीस द्यावी लागते आणि ती किमान 28 दिवस लोकांच्या माहितीसाठी लावतात. आपल्याकडे फेरफाराच्या नोटिशीवर हरकत घेण्यास 15 दिवस. म्हणजे इथे बायकोची नोंद जमिनीच्या नोंदीहून सावकाश मंजूर होते, आणि ते मला रास्तच वाटते, कारण जमीन पुन्हा विकता येते. मात्र ज्या गावात तिसरा रिचर्ड नावाचा खुद्द राजा पाचशे वर्षे बेपत्ता राहून 2012 साली मोटारी उभ्या करण्याच्या जागेखाली सापडला, त्या गावच्या दप्तरावर मी डोळे मिटून विसंबणार नाही, म्हणून नोटीस लागली की नाही हे मी समक्ष जाऊन पाहून आलो. नोटीस देताना दोघांना निरनिराळे बसवून एकमेकांविषयी विचारतात. मुलगी सांगत होती, की तिने त्याची जन्मतारीख तर सांगितलीच, वर तीन वर्षांत तो किती दिवस उशिरा आला तेही ऐकवले. आणि त्याने आपल्या जबानीत त्यातल्या दोन दिवसांबद्दल तक्रार नोंदवली. कारकून बाई हसू लागल्या म्हणे. मुलगी पंथाबाहेरची म्हणून बिशपांचा परवानाही आला आहे. चर्च मुलाचे, भजन टिळकांचे, अशी तडजोड झाली.

लग्नास दोन साक्षीदार लागतात. मुलीकडून सही मी करावी, असा तिच्या वडिलांनी नगरहून निरोप धाडला. जन्मभर दुसऱ्यांच्या अंगठ्यांखाली ‘समक्ष’ लिहिले, पण या निरोपाने हात किंचित कापला हे आपल्यापासून काय लपवावे! मुलगी म्हणाली, ‘काका, मोडीत सही करा, कॅरीच्या गावात शोभेल.’ मुलगा म्हणाला, ‘वाचणार कोण?’ आणि दोघांची पुन्हा जुंपली.

मोडीच करावी असे माझ्या मनात आहे. वडिलांनी शिकवली होती, पण त्यांच्या सहीतला अखेरचा फराटा डावीकडून वर जाई की उजवीकडून खाली, हे काही केल्या आठवत नाही. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत संस्थानच्या वेळचे त्यांचे कागद आहेत. उंदरांनी शिल्लक ठेवले असतील त्यांतल्या एखाद्याचा फोटो भाच्याकरवी त्वरित पाठवावा. नोटिशीचे अकरा दिवस उरले आहेत.

वहिनींस नमस्कार. नातवाच्या लग्नाचे पेढे कोणी मागितल्यास नऊ वर्षांचा दाखला दाखवावा.

आपला आज्ञाधारक,
धाकटा भाऊ